भावोजींचं सॉफ्टवेअर आणि माझा निःपक्षपातीपणा

आदरणीय भावोजी,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढंच वाकलो, उरलेला नमस्कार मनातून आहे असं समजावं.) आम्ही सगळे इथे मजेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा खोकला थांबला का? धाकटीचे दुधाचे दात पडायला लागले असं कळलं. हल्ली दात हा माझ्या कामाचाच विषय असल्यामुळे मुद्दाम विचारतो, वरचे की खालचे?

फोन सोडून हा कागदावर का उतरला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की निवड चालू असताना कोणत्याही विक्रेत्याशी फोनवर बोलायचं नाही आणि मेल पाठवायचा नाही, असा नियम ऑफिसात मीच केला आहे. कागदी पत्राचा त्या नियमात उल्लेख नाही. (माझ्या नियमातली फट मलाच सापडली, यात आश्चर्य ते काय? शोधणाराही मीच.) तरीसुद्धा निकाल जाहीर झाल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकणार नाही. मत काल देऊन झालं, पाकीट उद्या मोठे साहेब उघडतील. आज मी तुम्हाला सगळं सविस्तर कळवून ठेवतो, म्हणजे निकालाचा धक्का निदान घरच्या माणसाच्या अक्षरात बसेल.

भावोजी, तुमचं सॉफ्टवेअर मी नाकारलं. आधी बसून घ्या, मग पुढचं वाचा.

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. दातांच्या दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कोणता पेशंट कधी येणार, कोणत्या खुर्चीत बसणार, वगैरे. आजवर आमची सगळी हत्यारं फुकटातली होती. फुकट ते पौष्टिक, असं आमचे मोठे साहेब मानत आले. मग एके दिवशी आमच्या सॉफ्टवेअरने एका गृहस्थाला एकाच वेळी दोन खुर्च्यांत बसवलं. एक डॉक्टरीणबाई वरचा जबडा साफ करायला तयार, दुसऱ्या खालचा उपटायला तयार, आणि तो बिचारा मधल्या दारात तोंड उघडं टाकून उभा. त्या दवाखान्याने साहेबांना फोनवर जे ऐकवलं त्यानंतर साहेबांचं मत बदललं. आता चांगली हत्यारं विकत घ्यायची, कोड लिहायला एक आणि तपासायला एक, आणि ती कोणती घ्यायची हे ठरवायचं काम माझ्याकडे. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच कशाचं तरी प्रमुख केलं. त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको म्हणाली की तुम्ही आज दारातून आडवे आत आलात, इतकी छाती फुगली होती. (ती अतिशयोक्ती करते. पण फार नाही.)

कोड लिहायचं सॉफ्टवेअर एका दुपारी ठरलं. आमच्या प्रोग्रामरांना पडदा काळा लागतो आणि एकाच सॉफ्टवेअरचा पडदा त्यांच्या मते पुरेसा काळा होता. खरी लढाई तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची. (तुम्ही हेच विकता, तरी माझ्या शब्दांत ऐका. प्रोग्रामरने दिवसभर जे लिहून ठेवलं त्यावर रात्रभर बसून कुठे काय चुकलं ते शोधायचं आणि सकाळी सर्वांसमोर सांगायचं, हे त्याचं काम. थोडक्यात सासू, पण विजेवर चालणारी.) तीन कंपन्यांना बोलावलं, त्यांत एक तुमची निघाली. मी त्याच क्षणी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की यातले एक गृहस्थ माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत, मला या कामातून मोकळं करा. साहेब म्हणाले, "अहो, सांगितलंत ना? मग झालं. आता तुम्हीच करा, पण नीट करा." भावोजी, माणसावर एवढा विश्वास कोणी टाकला की तो सरळ झोपूही शकत नाही.

तुम्ही आलात तो दिवस मी विसरणार नाही. इस्त्रीचा शर्ट, ती जुनीच बॅग, आणि दारात मला पाहून तुम्ही "नमस्कार सर" म्हणालात. ज्या माणसाने मला सायकल शिकवताना मागून "अरे गाढवा, समोर बघ" असं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं होतं, तो मला सर म्हणतोय! मी उगाच खिडकीचा पडदा नीट करायला गेलो. मग आमच्या प्रोजेक्टरची वायर तुमच्या लॅपटॉपला बसेना. नेटवर्कवाला आला, वाकला, हलवून पाहिली, निघून गेला. दुसरा कोणी असता तर हात झाडून बसला असता. तुम्ही खडूच्या पांढऱ्या फळ्यावर मार्कर घेऊन (खडूचा फळा नव्हे, मार्करचा, माझी जुनी सवय) दातांची खुर्ची काढलीत, पेशंट काढलात, आणि पडद्यावर काहीही न दाखवता तासभर बोललात. साहेबांनी शेवटी टाळी वाजवली. मी वाजवली नाही. मला फार वाजवायची होती, म्हणूनच नाही.

आता माझी योजना ऐका, कारण तिचा मला खरोखर अभिमान आहे. बैठकीच्या खोलीत तीन मशीन ठेवली. नेटवर्कवाल्याने तिन्हींवर एकेक सॉफ्टवेअर बसवलं आणि कोणत्यावर कोणतं आहे ते मला कानात सांगितलं. पडद्यावर जिथे कंपनीचं नाव येतं तिथे मी कागदी पट्टी चिकटवली, आणि मशीनपुढे 'क', 'ख', 'ग' अशा उभ्या पाट्या ठेवल्या. तुमचं 'क'. टीममधल्या आठ जणांनी पट्टीला हात न लावता तिन्ही वापरायची आणि क, ख, ग एवढंच लिहून मत द्यायचं. मी नातेवाईक, म्हणून त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशी मी जाहीर घोषणा केली. पंखा बंद करायलासुद्धा गेलो नाही. आमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख बाई आहेत (त्यांना ऑफिसात तोफ म्हणतात, समोर नाही), त्या एवढंच म्हणाल्या, "पाट्या तुम्हीच लावल्यात होय?" मी हो म्हणालो. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला जरा लांबलेलं वाटलं.

'ग' पहिल्याच फेरीत बाद. ते सुरू करायला आधी त्याचं मार्गदर्शन वाचावं लागतं, आणि मार्गदर्शन उघडायला ते सुरू असावं लागतं. राहिले 'क' आणि 'ख', आणि तिथे टीम उभी चिरली. प्रोग्रामर चौघेही 'क'च्या बाजूने, कारण ते गोड बोलतं. चूक सापडली की 'कदाचित इथे एकदा पाहिलंत तर बरं होईल' असं सांगतं. (मी मनात म्हटलं, हे नक्की आमच्या भावोजींचं, ताईशी भांडणसुद्धा ते याच सुरात करतात.) तपासणारे चौघे 'ख'च्या बाजूने. 'ख' ठणठणीत. चूक कुठे, कधीपासून, हे कुणाचा मुलाहिजा न ठेवता सांगतं. दोन खुर्च्यांची भानगड दोघांनीही पकडली. चार विरुद्ध चार. निर्णायक मत प्रमुखाचं, म्हणजे माझं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ताईचा मला फोन आला होता. तुमच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, हे एक काम हाती लागलं तर तुम्ही टिकाल, नाहीतर या वयात नवीन नोकरी कोण देणार, असं म्हणत होती. (हे तिने मला सांगितलं हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. आता तुम्हाला कळलं, हे तिला कळू देऊ नका.) मी तिला म्हणालो, "ताई, ऑफिसात मी कोणाचा भाऊ नाही." तिने फोन ठेवला. ते वाक्य म्हणताना मला फार भारी वाटलं होतं. फोन ठेवल्यावर वाटेनासं झालं.

मी प्रोग्रामर. मला स्वतःला गोड बोलणारं 'क'च आवडलं असतं. पण तेच तुमचं. ते निवडलं तर लोक म्हणतील, मेहुण्याने भावोजींची सोय केली. न निवडलं तर घरचे म्हणतील, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मन घट्ट केलं, पानावर 'ख' लिहिलं, सही केली, पाकीट चिकटवलं आणि तुमच्या पोटावर पाय देऊन घरी आलो. भावोजी, मला माझा अभिमान वाटतो आणि माझी लाजही वाटते, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यामुळे दोन्हींतलं काहीच धड वाटत नाही. जमलं तर क्षमा करा. ताईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
निःपक्षपाती मेहुणा

ता. क. १ : पाकीट उघडलं. वरचं सगळं पत्र जपून वाचा, कारण त्यात जिथे जिथे मी 'क' तुमचं म्हटलं आहे तिथे ते दुसऱ्याचं आहे. साहेबांनी निकाल वाचला, 'ख'. मग आम्ही सगळे खोलीत गेलो आणि साहेबांनी 'ख'वरची पट्टी सोलली. खाली तुमच्या कंपनीचं नाव! मी म्हणालो, शक्य नाही, ते 'क' आहे. तेव्हा तोफ शांतपणे म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी 'क' आणि 'ख' या पाट्यांची अदलाबदल केली. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडे पेपर तपासायला द्यायचा नाही, एवढं आम्ही शिकतो." मी विचारलं की मी भावोजींची बाजू घेईन असं वाटलं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "छे! तुम्ही त्यांना मुद्दाम पाडाल, अशी भीती होती." साहेब खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग बाईंनाच विचारलं की हा निकाल धरायचा का? त्या म्हणाल्या, धरा, चौघांनी वापरून दिलेली मतं आहेत, आणि यांचं मत निदान वशिल्याचं नाही एवढं तर आता शाबीत झालं. करार पक्का झाला. माझा निःपक्षपातीपणा किती खोल आहे बघा, मला न विचारता योग्य जागी पोचला. पत्र नव्याने लिहायला हवं होतं, पण हे लिहायला अख्खी संध्याकाळ गेली आहे आणि भाषा बरी जमली आहे.

ता. क. २ : तुमचं सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिल्याच सकाळी त्याने चुकांची यादी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली आणि प्रत्येक चुकीपुढे ती करणाऱ्याचं नाव. सगळ्यात वर कोण, ते मी लिहीत नाही. प्रमुख माणसाचं नाव तेवढं झाकायची काही सोय तुमच्या कंपनीने ठेवली आहे का? कागदी पट्टी लावून पाहिली, तोफांनी काढली.

ता. क. ३ : खरं काम हे आहे. आत्ता ताईचा फोन आला. ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "तू केलंस रे, मला ठाऊक होतं तू करशील." मी काही बोललो नाही. भावोजी, तुम्हीही बोलू नका. जे झालं ते तुम्ही त्या फळ्यापुढे तासभर उभं राहून केलंत. मी तर आडवा येण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि हरलो. पण इतक्या वर्षांत ताईने मला शाबासकी दिली ती ही पहिलीच, आणि ती परत करण्याइतका निःपक्षपाती मी नाही.