वरठी रस्त्यावरच्या मैदानाचे आणि चार घोड्यांचे काय करावे

मी, रेवताबाई बुधराम नान्हे, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी वरातीला घोड्या पुरवणे व हल्ली मुलामुलींना घोडेस्वारी शिकवणे, राहणार भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही की धाक नाही. उलट थोडी धाकात राहिले असते तर बरे झाले असते, असे घरचे म्हणतात. परवा नागपूरला हृदयाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते मुलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. म्हणून कालपासून लिहायला घेतले आहे, आज मोकळी होते. मैदानावरच्या खोलीत वकील मनिष समोर बसले आहेत आणि "काकू, एका जागी बसून लिवा ना जी" असे सारखे म्हणत आहेत. मला बसवत नाही. दोन ओळी लिहिते आणि तबेल्याकडे एक चक्कर मारून येते.

कलम १. भंडाऱ्यातले राहते घर, मागच्या विहिरीसह, माझा एकुलता मुलगा भुपेंद्र व सून रंजू या दोघांना सारख्या हक्काने द्यावे. रंजूचे नाव मुद्दाम घातले आहे. मी त्या घरात जन्मभर राबले आणि कागदावर माझे नाव चढले ते यजमान गेल्यावर. तिच्यावर ती पाळी नको.

कलम २. मखमली झुली, जरीचे गोंडे, आरशांचे पट्टे, कलग्या, असा वरातीचा सगळा साज सिहोऱ्याच्या नाटक मंडळाला द्यावा. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकात त्यांच्या राजाचा अंगरखा बघवत नाही. बग्गी भुपेंद्रने विकावी की मोडावी, त्याची मर्जी. खोगिरे, लगाम, खरारे आणि मुलांची हेल्मेटे मात्र मैदानाबरोबर जातील. त्यातला एक पट्टाही घरी नेऊ नये.

कलम ३. माझे दीर सेवकराम यांच्याविषयी. माझे माहेर एकोडीचे, वडील तलावात मासे धरायचे. लग्न होऊन आले ती थेट घोड्यांच्या घरात. चाळीस वर्षे घोड्यांचा चारापाणी केला, नवरदेव चढवले, उतरवले, त्यांच्या करवल्यांनी घोडीपुढे धरलेली चण्याची डाळ मागून झाडून काढली. पण स्वतः कधी बसले नाही. आमच्यात वरातीची घोडी ही नवरदेवाची. पोरीबाळी तिच्यावर बसल्या तर त्यांचे लग्न अडते, असे मानतात. यजमानांची तेरवी झाल्यावर माझ्या मनात आले, आता माझे काय अडायचे राहिले आहे? आणि पहाटे पांढऱ्या घोडीवर बसले. वर बसल्यावर रडू आले. भीतीने नव्हे. एवढी वर्षे हे हाताच्या अंतरावर होते आणि मी खाली उभी होते, याचा राग आला.

सेवकराम तेव्हा भर गल्लीत म्हणाले होते, "भावाले जाऊन महिना नाई झाला अन् हे बाई घोडीवर बसून राहिली. लाज आहे का जी काई?" ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. माझ्या मागे त्यांना एकदा त्याच पांढऱ्या घोडीवर बसवून मैदानाला एक फेरी मारून आणावी. दुसरे काही त्यांना देणे नाही.

कलम ४. आता खरा प्रश्न. वरठी रस्त्यालगतचे दीड एकराचे मैदान माझ्या कमाईतून घेतलेले, माझ्या नावावर आहे. त्या पहाटेनंतर मी ठरवले, या शहरातल्या एकाही पोरीला घोड्यावर बसण्यासाठी म्हातारपणाची वाट बघावी लागू नये. पोरेही यावीत. पानठेल्यावर मोबाईलमध्ये मान घालून उभ्या असलेल्या पोराला लगाम हातात दिला की त्याची मान आपोआप वर येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आजूबाजूला सगळीकडे लेआऊटचे झेंडे लागले आहेत. भुपेंद्र म्हणतो, प्लॉट पाडू. "माय, तू गेल्यावर मी या घोड्याइचं का करू? मले त्यायचं काई समजत नाई." मी त्याच्यावर पुष्कळ ओरडले. पण त्याला पैशाची हाव नाही, हे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. त्याला ती जागा डोळ्यांसमोर नको आहे.

वरातीच्या घोडीला एकच शिकवण असते. बँड लागला की जागच्या जागी नाचायचे. ती खोड मोडायला मला दोन वर्षे लागली. आणि घोडेस्वारीच्या वर्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी भुपेंद्रने मला न सांगता देवानंदचा बँड बोलावला. मायच्या कामाला बँड नाही म्हणजे काय, असे त्याला वाटले. आमच्या घरात शुभकार्य बँडशिवाय झालेलेच नाही. पहिला सूर निघाला आणि चारही घोड्या नाचू लागल्या, पाठीवर मुले असताना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, हेही कार्यक्रमातच आहे. नऊ वर्षांची गुड्डी खाली पडली आणि तिचा हात मोडला. त्या दिवसापासून भुपेंद्रने मैदानात पाऊल टाकलेले नाही. बाळा, तू प्रेमाने केलेस. मला ते तोंडाने सांगता आले नाही, म्हणून इथे सांगते. मैदान तुला देत नाही, ते तुला शिक्षा म्हणून नाही. तुला सोडवते आहे.

कलम ५. काल या जागी मी मैदान एका संस्थेच्या नावे लिहिले होते. आज सकाळी त्यांची माणसे बघायला आली. घोड्यांच्या अंगाला हात न लावता लग्नांसाठी लॉन किती मोठा बसेल ते बघून गेली. ते खोडले आहे व खोडल्याजागी सही केली आहे.

आता हे मैदान, त्यावरचा तबेला, खोली व चारही घोड्या मी गुड्डीची आई ज्योत्सना हिच्या नावे करते. तिचे शिवणकामाचे दुकान आहे. तिनेच माझ्यावर पोलिसात तक्रार केली आहे.

हे वाचून मनिष वकिलांनी पेन खाली ठेवले. "काकू, जिनं तुमच्यावर तक्रार केली तिलेच मैदान? लोक का म्हणतीन?" लोकांना जे म्हणायचे ते म्हणू दे. गुड्डी पडल्यावर निम्म्या आयाबापांनी मुले नेली आणि पुन्हा इकडे फिरकले नाहीत. ज्योत्सना एकटी दर रविवारी येत राहिली. पहिल्या रविवारी फाटकात उभी राहून ओरडली, "मायी पोरगी म्हणजे का खेळणं होय जी? बंद करा हे!" पुढच्या रविवारी म्हणाली, पाण्याच्या टाक्याला झाकण काऊन नाही? मी झाकण बसवले. मग कुंपणाची तार. मग हेल्मेटचा पट्टा ढिला. मग औषधाची पेटी कुठे आहे. बंद करायला येणारी बाई मला चालवायला शिकवून गेली, आणि अजूनही चहा घेत नाही. इथे दुसऱ्या कोणीही, अगदी मीसुद्धा, मुलांच्या जिवाची एवढी काळजी केलेली नाही.

घोड्यांचे तिला काही कळत नाही. शिकवायला प्रीतम आहे, त्याला मी तयार केले आहे. अटी थोड्याच. मैदानावर लग्नाचा मांडव पडू नये. घोडी कोणाच्याही वरातीला जाऊ नये, मग नवरदेव कोणाचाही असो. आधी लीद काढायची, मग चढायचे, हा नियम साऱ्या मुलांना सारखा. पोरींची संख्या पोरांपेक्षा कमी होऊ देऊ नये.

कलम ६. ज्योत्सनाला मी यातले काही विचारलेले नाही. विचारले असते तर नाही म्हणाली असती. मला मरणाची तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती याची की रविवारी ती फाटकात येईल आणि भांडायला समोर कोणी नसेल, मग दोन रविवारांनी ती यायची थांबेल. तेव्हा मी नसले तर पहिल्याच रविवारी प्रीतमने किल्ली तिच्या हातात ठेवावी. त्यापुढे इथे काही चुकले तर तक्रार कोणाविरुद्ध करायची, ते तिचे तिने बघावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मनिष यांनी करावी. यापूर्वीचे माझे कोणतेही लिखाण यापुढे धरू नये.

ठिकाण: भंडारा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही
रेवताबाई बुधराम नान्हे

आम्हा दोघा साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. रेवताबाईंनी वरील मजकूर वाचून, समजून, आमच्या डोळ्यांदेखत सही केली. बसा म्हटले, पण त्यांनी उभ्यानेच केली.

१) बाबुलाल, नालबंद, वरठी (सही)
२) देवानंद, बँडमास्तर, भंडारा (सही)