झाडून टाकलेलं बी

१४ मार्च

लाडके चिऊ,

अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे, रक्तदाब जागेवर आहे, गोळ्या वेळेवर घेते. तू विचारणार ते सगळं आधीच सांगून टाकलं. बाकीचं फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या खेपेला तू अंगणातली वाळलेली रानफुलं उपटून सगळं लख्ख केलंस. आईचं बागेकडे लक्ष नाही, म्हणजे आई खचली, असं तुला वाटलं. अगं, ती झाडं एका वर्षाचीच. फुलतात, वाळतात, बी सांडून जातात आणि पुढच्या साली त्यातूनच उगवतात. वाळली तरी हात लावायचा नसतो. पण तुझ्यापुढे बोलायची कुणाची टाप! सगळा पाचोळा तू भिंतीपलीकडे, शेजारी एकटे राहणाऱ्या घड्याळजींच्या ओसाड परसात टाकून मोकळी झालीस.

यंदा पाऊस नावालाच पडला. माझ्याकडे शुकशुकाट आणि त्यांच्याकडे पिवळंधमक! बिचारे गोंधळून दारात आले. म्हणाले, "मी जन्मात काही पेरलं नाही. हे तुमचं दिसतंय."

मग काय, माझी फुलं बघायला मी रोज सकाळी तिकडे. त्यांनी कौतुकाने पाणी घालघालून अर्धी झाडं कुजवली. मी चांगली खरडपट्टी काढली. या फुलांना लाड सोसत नाहीत म्हटलं. आता प्रत्येक गोष्ट मला विचारून करतात. चहा बरा करतात, साखर मात्र सढळ हाताने.

मध्ये भिंतीत एक छोटं फाटक करून घेतलं. गवंडी विचारायला लागला कशाला, तर मी म्हटलं, झाडांना पाणी घालायला सोयीचं. ज्या झाडांना पाणी लागतच नाही त्यांना!

आता आडवळणं पुरे. आम्ही लग्न करतोय.

तुझ्या बाबांना विसरले असं मनात आणू नकोस. ते गेल्यापासून या घरात भांडायलाही कुणी नव्हतं. आता रोज भांडते, आणि मी फार सुखात आहे गं.

परवानगी मागत नाही. नोंदणी कचेरीत साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने त्यांची बहीण येतेय. माझ्या बाजूने सही करायला शेजारणी एका पायावर तयार आहेत. मी सगळ्यांना नाही म्हटलंय.

वाट बघणारी, आणि थोडी घाबरलेली,
तुझी आई