गोरेगावचा भोंगा आणि साधनाची मुलाखत

तीर्थरूप दाजींना सोमेश्वरचा वाकून नमस्कार. आमी इकडे गोरेगावात खुशाल आहोत. अक्काच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. (तेल कोमट करूनच लावायचं म्हणावं. ती ऐकणार न्हाई, पण सांगा.)

साधना घरी पोचली असेल आणि इथून तासाभरावरच्या हिंगोलीच्या दवाखान्यातल्या नर्सच्या मुलाखतीची हकीकत तिनं सांगितली असेल. पोरगी खोटं बोलत न्हाई, पण मशीनमधलं तिला काय कळणार? म्हणून खरं काय ते मी लिहून राहिलो.

वाचनालयाच्या गच्चीवरचा भोंगा पाडव्यापासून मी कंप्युटरवर चालवतो. कंप्युटर म्हणजे तळहाताएवढी पट्टी. मोठ्या कंप्युटरात बारका सेल असतो, लाईट गेली तरी त्यावर घड्याळ चालू राहतं. ह्यात तो न्हाई. (दुकानदार वेगळा देत होता, मीच नको म्हणालो.) हा गडी तासातासाला वेळ लिहून ठेवतो आणि लाईट आली की लिहिलेल्या वेळेपासून पुढं मोजायला लागतो. मधला वेळ त्याच्या लेखी झालाच न्हाई. इंटरनेट असलं की चूक सुधारतो, म्हणून इतके महिने कोणाला पत्ता लागला न्हाई. पण मुलाखतीच्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, अन लाईट तर रोजच जाते. भोंगा मागं मागं पडत गेला. ज्यांच्या फोनात वेगळी वेळ दिसली त्यांचे फोन मी भोंग्याप्रमाणं हातानं दुरुस्त करून दिले. शेजारच्या रुक्माबाईंसकट अकरा फोन. सुदाम जीपवाला आठच्या भोंग्यावर गाडी काढतो, त्याचाही केला. एकट्या साधनानं फोन हातात दिला न्हाई.

मुलाखत दहाला होती. सकाळी ती तयार होऊन म्हणाली की आठ वाजून गेले. मी म्हटलं, भोंगा वाजला न्हाई. मग समजावलं की फोनला वेळ देणारा टॉवर लांबचा, भोंगा गावातला, भरवसा कोणावर ठेवायचा? तिनं पर्स उचलली.

"मामा, भोंगा उशिरा वाजला तर उद्या पुन्हा वाजतो. मला पुन्हा कोणी बोलावणार न्हाई."

आणि दुधाच्या गाडीत बसून गेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून सुदामच्या शेजारी निवांत बसून राहिलो. आठचा भोंगा वाजला, आमी निघालो. दवाखान्यात पोचलो तर साधना मुलाखत देऊन बाहेर बाकड्यावर बसलेली, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. मी आधी तिकडच्या शिपायाला त्या घड्याळाचा सेल तपासायला सांगितला.

पोरीची निवड झाली, तुमचं अभिनंदन. मामाच्या घरून गेली म्हणून यश आलं, असं अक्काला सांगायला हरकत न्हाई.

आपला,
सोमेश्वर

ता. क. – गच्चीवर पट्टी ठेवलेल्या खोलीची किल्ली साधनानं जाताना सोबत नेली आहे. तुमचा शब्द ती मोडत न्हाई. तेवढी किल्ली पाठवायला सांगा.

ता. क. २ – किल्लीची तशी घाई न्हाई. घरी जाण्याआधी तिनं त्या दुकानदाराकडून सेलवालं घड्याळ आणून पट्टीला बसवलं. तवापासून लाईट कितीही जावो, भोंगा बराबर वाजून राहिला. आता वेळ विचारायला माझ्याकडं कोणी येत न्हाई, तेवढीच तकलीफ आहे.