ज्यांचं पाहणं कधीच होणार नव्हतं

प्रिय मामा,

सप्रेम जयभीम.

उद्या पांढरकवड्याचा बाजार आहे आणि बाजार उठल्यावर मी तुमच्या झरीच्या गाडीत बसणार आहे. कंडक्टरच्या जागेवर आता दुसरं कोणी असेल. त्या गाडीत मला एक काम करायचं आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय ते करायला मन धजत नाही, म्हणून हे पत्र.

ती अंतराळातल्या जहाजाची मालिका तुम्हाला मीच दाखवली, आठवतं? घरात पहिली बी.एस्सी. झालेली मी, मला वाटलं, मामाला जरा विज्ञान समजावून सांगावं. तुम्ही ड्युटीवरून आलात, खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडून माझ्या मोबाइलसमोर बसलात. मी म्हटलं, "मामा, हे असं असं इंधन असतं." आणि तुम्ही म्हणालात, "अवं पन्नू, इंजिन गरम झालं हाय त्याचं. पाणी टाकाव अन् दहा मिनिटं थांबाव, इतकंच!" त्या जहाजावरच्या इंजिनिअर बाईचं खरं नाव तुम्ही कधी घेतलंच नाही. तुमच्यासाठी ती 'मिस्त्रीणबाई' होती.

मग तुम्हाला मी आमच्या ग्रुपमध्ये घेतलं. कॉलेजातल्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ, वणीचे, पुसदचे, मारेगावचे. सगळे त्या मालिकेचे वेडे. नवा भाग शुक्रवारी यायचा. पण खेड्यावरच्या मुलींना नेट मिळायचं ते रविवारी, कोणाच्या तरी गच्चीवर. तोवर शहरातली मुलं सगळा शेवट फोडून मोकळी. म्हणून मी नियम केला होता, 'सगळ्यांचं पाहून होईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही.' किती अभिमान होता मला त्या नियमाचा! मागे राहिलेल्यालाही पहिल्यांदा पाहण्याचा आनंद मिळालाच पाहिजे, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि तुम्ही? शनिवारी सकाळी डेपोतून ग्रुपवर तुमचा आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न: "अरे पोट्टेहो, मिस्त्रीणबाईचा भाऊच चोर निघाला नं बे!"

एक मुलगी रडली, मामा. खरंच रडली. ती दोन दिवस मोबाइल उघडतही नव्हती, चुकून काही कानावर पडू नये म्हणून; रविवारी उघडला तर पहिला तुमचाच आवाज. मी तुम्हाला समजावलं. तुम्ही कान पकडलेत. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच! तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं. कोणाला न विचारता, तुम्हालाही फोन न करता.

दुपारी तुमचाच फोन आला. "पन्नू, मले काहून काढलं वं?"

मी म्हटलं, "मामा, नियम सगळ्यांना सारखा. नात्यातले म्हणून तुम्हाला सूट दिली तर मी कसली अ‍ॅडमिन?"

तुम्ही मग म्हणालात, "बरोबर हाय तुयं. मंग सांगाव तरी कवा?"

"सगळ्यांचं पाहून झालं की."

"सगळ्याईचं?"

"हो, सगळ्यांचं."

"बरं बाप्पा."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मी तर उलट खूश होते, की मामाला एकदाचं पटलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळी ड्युटीला निघताना तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्ही गेलात. त्या तीन आठवड्यांत मी तुम्हाला परत घेतलं नाही. 'घेऊ पुढच्या सीझनला' असं म्हणत होते. असं कसं म्हणू शकले मी?

पण खरी गोष्ट मला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळली. वंदना झाली, लोक जेवायला बसले. एक वयस्क बाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, शेजारी बांबूच्या टोपल्यांची चळत. झरीकडच्या एका पोडावर, कोलामांच्या वस्तीत राहणाऱ्या भीमाबाई आत्राम. दर बाजाराला टोपल्या विकायला तुमच्याच गाडीनं येतात. मला म्हणाल्या, "तूच का पन्नू? कंडक्टरभाऊची भाची?"

मी हो म्हटलं.

"लय चांगली गोष्ट सांगे वं तो. त्या जहाजाची. गाडी सुरू झाली का बाया म्हनत, भाऊ, लाव तुयं जहाज! आमच्या इकडं मोबाइलच लागत नाही, टीव्ही तं दूरच. अर्ध्या बाया मंधातल्या फाट्यावर उतरत. त्या उतरल्या का भाऊ गोष्ट थांबवे. पुढच्या बाजाराले त्या चढल्याबिगर पुढचं सांगतच नसे. आम्ही किती शिव्या देल्या त्याले!"

मामा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. उतरून गेलेल्यांसाठी गोष्ट थांबवणारा माणूस, आणि मी त्याला वाट पाहणं शिकवायला निघाले होते!

भीमाबाई पुढे म्हणाल्या, "ते मिस्त्रीणबाई जहाजाच्या भायेर गेली अन् दरवाजा बंद झाला, तिथवर आलती गोष्ट. मंग भाऊनं बंदच केलं सांगनं. म्हने, सगळ्याईचं पाह्यनं झाल्याबिगर सांगाचं नाही, भाचीचा नियम हाय. म्यां म्हटलं, भाऊ, आमचं पाह्यनं होईन तरी कवा?"

"मग? मामा काय म्हणाले?"

"हासला नुसता. म्हने, पन्नूले इचारतो."

विचारलं का नाही तुम्ही? गाडीत बकरी घेऊन चढणाऱ्याशी अर्धा तास वाद घालणारे तुम्ही, माझ्यासमोर एका वाक्यात गप्प कसे झालात? मी शिकलेली म्हणून? तुम्ही एकदा म्हणाला असतात, 'पन्नू, तुझ्या सगळ्यांमध्ये या बाया येतात का?' तर मी नियम तिथेच बदलला असता. बदलला असता ना? की तेव्हाही म्हटलं असतं, नियम म्हणजे नियम? मला खात्री वाटत नाही, आणि तेच टोचतं. तीन आठवडे, मामा! पुढचं सगळं पाहून बसलेले तुम्ही, आणि भर गाडीत पोटातलं ओठावर येऊ दिलं नाहीत.

अजून एक सांगायचं आहे. ते सांगताना लाज वाटते. भीमाबाईंनी मला विचारलं, "वाचली का वं ते बाई?" शेजारी ग्रुपमधली एक मैत्रीण वाढत होती, तिचा तो भाग पाहायचा राहिला होता. मी सवयीनं म्हटलं, "नंतर सांगते." भीमाबाईंनी मान हलवली, टोपल्या उचलल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. त्यांना बाजूला घेऊन कानात सांगणं इतकं अवघड होतं का?

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. तुम्हाला काढलं ते चुकलं, असंही लिहिलं. जी मुलगी रडली होती तिनंच पहिलं उत्तर दिलं, "मामांचे जुने आवाज अजून कोणाकडे आहेत का? मला ऐकायचे आहेत." नियम मोडलेला नाही. जे पाहणार आहेत त्यांच्यासाठी तो तसाच राहील. पण ज्यांच्यापर्यंत ती मालिका कधी पोहोचणारच नाही, त्यांच्यासाठी सांगणं हेच पाहणं असतं, हे मी पदवी घेऊनही ओळखलं नव्हतं.

तर मामा, उद्या मी गाडीत उभी राहणार आहे. आधी विचारीन, "पाहणारं कोणी आहे का? असेल तर पुढे बसा, मी मागे सांगते." मला तुमच्यासारखं सांगता येणार नाही. पुस्तकी बोलेन, बाया हसतील. हसू द्या.

आणि वचन देते, भीमाबाई उद्या बाजाराला आल्या नाहीत, तर 'पुढच्या वेळी' म्हणून परत फिरणार नाही. शेवटच्या थांब्यापासून त्यांच्या पोडापर्यंत पायवाट आहे म्हणतात. वाट विचारत जाईन, त्यांच्या दारात बसेन, आणि त्यांनी विचारायच्या आत सांगेन.

तुमची भाची,
पन्नू