सरूबाईचं सुतक

३ एप्रिल, गुरुवार
आजपासून टीव्ही बंद. डोळ्याले पानी येते. रडू नाही, चष्म्याचा नंबर वाढला असन. मी रडनारी बाई नाही, साऱ्या अमरावतीले मालूम हाय.
सूनबाई ज्योत्स्ना पोराले घेऊन परतवाड्याले माहेरी गेली. जाता जाता मुडद्यायची सिरीयल लावून देली. फॉरेनची हाय, पन हिंदीत बोलते. मेलेले मानसं उठतात आन जित्यायले चावतात. आमचे हे म्हने, असलं पाहू नको, झोपीत बडबडशीन. म्हटलं, एकच एपिसोड पाहातो.
सहा झाले.

४ एप्रिल, शुक्रवार
जाकीटवाला मेला. टोपीवाल्याचा जिगरी दोस्त. (टोपीवाला हा त्यायचा सरदार.) तीन एपिसोड नुसते रडून राहिले. खड्डा खंदला, फुलं वाह्यली, टोपीवाल्यानं दाढी सोडली. एक पोट्टी त भिंतीले डोकं लावून बसली ते बसलीच. इतकं काय बाप्पा? आळशी होता तो मानूस. एक दिवस बादलीभर पानी आनलं नाही त्यानं.
आपल्या गल्लीतले किसनराव गेले तवा मी दोन मिनिटं उभी राहून आली. झालं. मरन सारखंच असते, त रडनं बी सारखंच पाहिजे. माह्याजवळ भेदभाव नाही.

७ एप्रिल, सोमवार
घात झाला. सरूबाई गेली.
तिचं खरं नाव माह्या जिभेवर बसत नाही, म्हून मीच सरूबाई ठेवलं. साऱ्यायचं रांधनारी बाई. डब्यातल्या शेंगा उकडायची, पह्यले दुसऱ्यायले वाढायची, उरलं त आपन खायची. मांगून मुडदे आले, दरवाजा लागून गेला, ती आत राहिली. टोपीवाला म्हने, ओह नो. बस! गाडी चालू. तिच्या हातची उसळ अजून पोटात, आन हे गानं लावून चालले!
मले इंदूबाई आठवली. माही मोठी जाऊ, अकोल्याले राह्यते. सासूबाई दोन वर्सं अंथरुनावर होत्या, माह्याच घरी. कूस बदलनं, गूमूत, पेज पाजनं, सारं म्या केलं. इंदूबाई आली ते डायरेक्ट मयतीले. गल्लीच्या कोपऱ्यापासून हेल काढला, माह्ये माय वं! लोक म्हने, पाहा, मोठीचा किती जीव. मी रडली नाही, कारन तीस मानसायचा चहा मांडला होता. त मले म्हने दगड. तवापासून आमा दोघीचं बोलनं बंद. चार लोकायसमोर तिनं एकदा म्हनावं का पार्बतानं, म्हंजे म्या, केलं. नाही म्हटलं तरी चालते. मी इसरून गेली ते.
ठरलं. सरूबाईचं कोनी केलं नाही, मी करतो. तीन दिवस सुतक.

८ एप्रिल, मंगळवार
गॅस पेटवला नाही. देवपूजा बंद. यायले दाढी करू देली नाही. हे म्हने, मेलं कोन पन? म्हटलं, सरूबाई. म्हने, कोन सरूबाई? म्हटलं, रांधनाऱ्या बाईचं नाव तुमाले कधी मालूम होतं? यायचा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला. दुःखात फोन कायले पाहिजे?
दुपारी शेजारची चंदा नातवाच्या बारशाचं सांगायले आली. म्हटलं, आमाले जमत नाही, घरात सुतक हाय. तिचं तोंडच पडलं. कोन गेलं वं? म्हटलं, नको इचारू चंदे, बोलवत नाही मले. सिरीयलीतली बाई म्हटलं असतं त दात काढले असते तिनं.
सांजच्याले चंदानंच पिठलं-भाकर आनलं. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हून शेजाऱ्यायनं कडू घास द्या लागते. हे तीन भाकरी खाऊन गेले. हात धुता धुता म्हने, चांगली बाई होती सरूबाई.

९ एप्रिल, बुधवार, सकाळी
चंदानं गल्लीभर केलं. लोक येतात, सतरंजीवर बसतात, उसासे टाकतात, जातात. कोन मेलं ते कोनी इचारत नाही. ज्याले त्याले वाटते का दुसऱ्याले मालूम असन.
चंदाची लेक अकोल्यात देली हाय, इंदूबाईच्याच गल्लीत. बारशाले आली हाय, तिनं तिकडं फोन केला म्हनतात. करू दे. इंदूबाई काही येत नाही. आन आलीच, त यावेळी मी डोळ्यात डोळा घालून पाह्यतो, पानी येते का नुसता आवाज येते.

९ एप्रिल, दुपारी
कपाळावर टेंगूळ हाय. कारन लिहून ठेवतो.
मी आत कूलरमंदी पानी टाकून राहिली होती. हे ओट्यावर, दाढी वाढलेली, चहाबिगर तोंड सुकलेलं. ऑटो थांबला. इंदूबाई! तिले वाटलं होतं का हेच गेले, यायले शुगर हाय ना. पन हे त जिते समोर बसले. घरात उरलं कोन? पार्बता. यायनं तोंड उघडाच्या आत तिनं उंबऱ्यावर बसकन मारली आन हेल काढला.
मी पडद्यामांगं. ठरवलं, निघाचं नाही. पाहू खरं किती, खोटं किती.
पार्बता वं! आता मी भांडू कोनासंगं वं! दोन वर्सं सासूचं तुनं केलं, नाव माह्यं झालं वं! सांगावं म्हटलं त तुनं मले तोंड नाही दाखवलं वं!
पदर वला होता. नाक वाहून राह्यलं होतं. खरं होतं सारं.
पन ऐकाले कोन? हे आन एक कुत्रं. चार लोकं सकाळीच येऊन गेले! माह्याच्यानं राहावलं नाही. बाहीर आली आन म्हटलं, बाई, जरा थांबा, चंदाले बलावतो, मंग पह्यल्यापासून म्हना.
इंदूबाई अशी वरडली का तसं मुडद्यायच्या सिरीयलीत बी कोनी वरडत नाही. चप्पल फेकली. नेम चांगला हाय या वयात. मंग जवळ आली, माहे दंड दाबून पाह्यले, आन कानाखाली देली. म्हने, मेली नाहीस त मले अकोल्यापासून काहून रडवलं वं सटवे?
तेवढ्यात चंदा पळत आली. म्हटलं, हं बाई, म्हना आता. इंदूबाई म्हने, काय म्हनू? मी कुठं काय बोलली?
यायले इचारलं, तुमी ऐकलं ना? हे म्हने, माहा डोळा लागला होता.

१० एप्रिल, गुरुवार
इंदूबाई मुक्कामी राहिली. तिले सरूबाई दाखवली. पाहून म्हने, येडे, हिचं मेलेलं अंग कुठं दाखवलं? अंग पाह्यल्याबिगर सुतक धरते का कोनी?
पुढच्याच एपिसोडात सरूबाई तळघरातून निघाली. जिती. हातात शेंगायचा डबा.
इंदूबाई हसू हसू लोळली. मी बी थोडी हसली, पाहुनी हाय म्हून.
ऑटोत बसता बसता म्हने, पार्बता, एक सांगतो. तुह्यं माह्या वाट्याचं रडनं होऊन गेलं. आता खरी मेलीस त मी येत नाही. एका मानसाले दोनदा रडाले मी काय रिकामी हाय?
म्हटलं, नका येऊ. मले फरक पडत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
सरूबाई मेली. खरीच, साऱ्यायसमोर, अंगासकट. यावेळी टोपीवाला हमसून रडला. भिंतवाली पोट्टी रडली. हे बी चष्मा पुसून राहिले होते. मले मात्र एक थेंब आला नाही. सुतक धरून झालं, कडू घास खाऊन झाला, आता पुन्हा काय? उठली आन कुकर लावला.
तिसऱ्या शिट्टीले ध्यानात आलं. इंदूबाईचं बी असंच होईन.
तांदळातून मोबाईल काढला, इंदूबाईले लावला. इचारलं, अकोल्याले गरमी कशी हाय. म्हने, हाय तशीच. आंब्याच्या लोनच्याचं इचारलं. मंग सहज इचारलं, बाई, खरी मेली त यान ना?
म्हने, पाहू, बस भेटली त.
सांजच्याले भाजी आनाले गेली होती, तशीच स्टँडवर जाऊन आली. अकोल्याहून बसा बऱ्याच हायेत.