चार सेकंदांचा भार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, अपिलांच्या न्यायालयातील निवृत्त वकील. हे लिहिताना मी कोणाच्या दडपणाखाली नाही, भ्रमात नाही आणि औषधाच्या गुंगीतही नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही, बुद्धीबद्दल चांगले आहे. मृत्युपत्राला तेवढे पुरते.

कलम १. सोळा वर्षांपूर्वी केलेले माझे एकमेव मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. एरवी एवढे वाक्य पुरे झाले असते. इथे पुरत नाही, कारण त्या मृत्युपत्रात मी हे घर दिवंगत बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला दिले होते, आणि धाकट्या भावाला का दिले नाही याचे कारणही नोंदवले होते: "दबाव वाढला की माघार घ्यायची, ही त्याची वृत्ती सिद्ध झालेली आहे." हे वाक्य नुसते रद्द होऊन चालणार नाही. ते असत्य होते, अशी नोंद राहिली पाहिजे. त्या मृत्युपत्राची प्रत मी धाकट्याच्याच कपाटात ठेवायला दिली होती. त्याने ती वाचली, जिना चढून वर आला आणि म्हणाला, "ताई, टायपिंगची एकही चूक नाही." मग त्याने चहाचे आधण ठेवले.

कलम २. हा दस्तऐवज वाचणाऱ्या अधिकाऱ्यास कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. धाकटा देशाकडून एकेचाळीस आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला. या खेळात काही चुका झाल्या की खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी वाकतात, एकमेकांच्या डोक्यांत डोकी अडकवतात आणि रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेच्या दोन टोकांना असतात ते प्रॉप. धाकटा उजव्या टोकाचा प्रॉप. आपल्या बाकीच्या सात जणांचा रेटा त्याच्या पाठीतून पुढे जाणार आणि समोरच्या आठ जणांचा त्याच्या मानेतून मागे येणार, हे त्याचे काम. एकेचाळीस सामन्यांत त्याने एकही गुण मिळवला नाही. त्याचे त्याला कधी वैषम्य वाटले नाही. मला वाटत असे. युक्तिवाद करून जगणाऱ्या माणसाला ही निव्वळ हमाली वाटते.

आज तो साठ वर्षांचा आहे. त्याचे दोन्ही कान चुरगळून मिटलेले आहेत. मान वळत नाही, त्यामुळे कोणी हाक मारली तर तो कपाट फिरवावे तसा अख्खा फिरतो. झोपतो खुर्चीत बसून. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखण्याचे काम करतो, आणि त्या रेषा मी फूटपट्टी लावून पाहिल्या आहेत: सरळ असतात.

कलम ३. वस्तुस्थिती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात, शेवटची दोन मिनिटे उरलेली असताना, आमचा संघ दोन गुणांनी पुढे होता. स्क्रम सुरू झाला. आमचे गडी रेटत पुढे चालले होते आणि अचानक धाकटा वाकलेला होता तो ताठ उभा राहिला. स्क्रममध्ये असे उभे राहणे हा अपराध आहे. पंचाने शिट्टी वाजवली, समोरच्यांना दंडाची किक मिळाली, तिचे तीन गुण झाले, आणि आम्ही एका गुणाने हरलो. दुसऱ्या दिवशी एका स्तंभलेखकाने त्याला "मेणाचा खांब" म्हटले. निवड समितीने त्याला पुन्हा बोलावले नाही.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मी नियमांचे पुस्तक उघडून त्याला म्हटले, "कायदा स्पष्ट आहे. तू उभा राहिलास. तुला रेटा सोसला नाही."

"हो ताई, उभा राहिलो," तो म्हणाला.

मी पहिले वाक्य कबूल झालेले ऐकले आणि दुसरेही कबूल झाले असे धरून चालले. शिकाऊ वकिलाने अशी चूक केली असती तर मी त्याला दालनाबाहेर काढले असते.

कलम ४. गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता दारात एक रुंद गृहस्थ उभे राहिले. सीमेपलीकडून नऊ तासांचा प्रवास करून आले होते. भाषा आपलीच, हेल वेगळा. धंद्याने कुलपे दुरुस्त करणारे. त्या सामन्यात ते धाकट्याच्या बरोबर समोर होते. हातात एक्स-रेचे पाकीट होते.

धाकटा अख्खा फिरून त्यांच्याकडे पाहत राहिला. "तू? अजून जाडाच आहेस की!"

"आरशात बघ आधी," ते म्हणाले. "बाईसाहेब, मी बोलतो ते लिहून घ्या. हा मला आता हाकलून देणार आहे."

"देणारच आहे. चहा घे आणि नीघ. ताई, याचं काही ऐकू नकोस."

मी धाकट्याला दुधासाठी बाहेर पाठवले. दूध घरात होते. त्यानंतर दोन तास मी त्या गृहस्थांची उलटतपासणी घेतली.

त्यांचे म्हणणे असे. त्या स्क्रममध्ये त्यांचा डावा हात अचानक बधिर झाला. आधीचे दोन महिने तो अधूनमधून बधिर होत असे आणि त्यांनी ते स्वतःच्या डॉक्टरांपासून लपवले होते. धाकट्याच्या जर्सीवरची त्यांची पकड सुटली, खांदा खचला, डोके जमिनीच्या दिशेने निघाले. ते एवढेच पुटपुटले, "हात गेला रे." दोघांचे कान एकमेकांना चिकटलेले होते. साठ हजार प्रेक्षकांपैकी कोणाला ऐकू येणे शक्य नव्हते. धाकटा म्हणाला, "पाय मागे घे. मी आहे." आणि तो उभा राहिला.

"पंचांना का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर डॉक्टरांनी तिथेच घरी बसवलं असतं. बायको आठव्या महिन्यात होती. मीच याला हात जोडले, कोणाला बोलू नकोस म्हणून. हा म्हणाला, बरं."

"आणि पुढची सत्तावीस वर्षं?"

"आधी भीती वाटत होती. मग लाज वाटायला लागली. आता खांदा दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी मानेची ही जुनी चीर दाखवली आणि विचारलं, तुम्ही चालता कसे? त्या दिवशी डोकं जमिनीला लागलं असतं, तर चाललो नसतो."

तोंडी पुराव्यावर मी विसंबत नाही. सामन्याची चित्रफीत मिळवून मी ती स्टॉपवॉच लावून एकतीस वेळा पाहिली. एकतिसाव्या वेळी दिसले: जर्सीवरची बोटे उघडतात, त्यानंतर अर्ध्या सेकंदाने धाकट्याचे पाय स्वतःच्या पोटाखाली येतात, आणि पंचाच्या शिट्टीपर्यंत चार सेकंद तो दोन्हीकडचा रेटा एकट्याच्या कण्यावर घेऊन उभा असतो. त्याच्या छातीखाली एक पोकळी तयार होते. त्या पोकळीतून समोरचा माणूस सुखरूप निसटतो. पुलांचे भार मोजणाऱ्या एका अभियंत्याला मी ती चित्रफीत दाखवली. तो दीड टनाच्या आसपास म्हणाला, मग चष्मा काढून पुसत बसला.

निर्णय घेण्यासाठी मी आयुष्यभर न्यायालयांकडे मुदती मागितल्या. त्याला अर्धा सेकंद मिळाला, आणि त्या अर्ध्या सेकंदात त्याने जे केले त्यात मला अपिलाला जागा सापडत नाही. त्याची मान तिथेच गेली. वर त्याने माझे ते वाक्य सोळा वर्षे स्वतःच्या कपाटात सांभाळले. मी मोठमोठी माणसे जवळून पाहिली आहेत. या घरात, माझ्याच खाली एक मजला, असा माणूस राहतो आणि मला पत्ता नव्हता, याचा विचार आला की मी अजूनही जिन्यावर थांबते.

कलम ५. हे घर, दोन्ही मजले व मागील अंगणासह, मी धाकट्या भावाला देते. ही देणगी नाही. चुकीचा निकाल दुरुस्त करताना न्यायालय उपकार करत नसते.

भाचा मला म्हणाला, "मावशी, मामाला घर देऊन काय उपयोग? त्याला आता जिनासुद्धा चढवत नाही." तळमजल्याला जिना नाही, हे त्याच्या नजरेतून सुटले असावे.

धाकटा "मला कशाला? भाच्याला दे," म्हणेल, याची मला खात्री आहे. म्हणून असे ठरवते की, त्याने नकार दिल्यास हे संपूर्ण घर वर उल्लेखिलेल्या स्तंभलेखकास मिळेल. ते हयात आहेत, पत्ता परिशिष्टात दिला आहे. आता नकार द्यायचा असेल तर खुशाल द्यावा.

कलम ६. भाच्याला बँकेतील शिल्लक आणि जेवणाचे टेबल. मुलगा वाईट नाही, घाईत असतो. माझ्या जुन्या दालनातील कनिष्ठ वकील बाईंना सर्व पुस्तके, फक्त रग्बीच्या नियमांचे सोडून. ते माझ्याबरोबर जाळावे. मी ते वाचले, पण मला ते समजले नव्हते. निवड समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना चित्रफितीची प्रत आणि स्टॉपवॉच.

कलम ७. कुलूपवाल्या गृहस्थांना मी काहीही देत नाही. हा राग नाही. राग आहे, तो वेगळा. मृत्युपत्राचा साक्षीदार त्याचा लाभार्थी नसावा, असा नियम आहे, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे. त्यासाठी ते पुन्हा नऊ तास प्रवास करून आले आहेत. धाकटा लाभार्थी असल्याने त्याला खोलीबाहेर बसवले आहे. दाराआडून तो दोनदा विचारून गेला, "ताई, चहा टाकू का?" त्याला सांगितले आहे की, सह्या झाल्यावर.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करते.

स्थळ: राहते घर, तळमजला, पुढची खोली.
दिनांक: चौदा नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या सही करताना पूर्ण शुद्धीवर होत्या, असे डॉक्टर या नात्याने प्रमाणित करतो. (सही)

साक्षीदार दुसरा: बाईसाहेब म्हणाल्या, जे पाहिलंत तेवढंच लिहा. बाईसाहेबांनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर होत्या. त्या दिवशी तो उभा राहिला तेव्हा मीही पूर्ण शुद्धीवर होतो. (सही, उजव्या हाताने)