मिठाच्या पाण्यातलं बियाणं

माय, तुझ्या वयाच्या एका बाईला मी गेल्या आठवड्यात माझ्या अभ्यासातून काढून टाकलं. तिचं नाव मला माहीत नाही, आमच्याकडे फक्त नंबर येतो. छातीची गाठ, पुढे यकृतात पसरलेली, अगदी तुझ्यासारखी. त्यामुळे इतके महिने मी मनातल्या मनात तिला तूच समजत होते.

तू विचारलं होतंस, "गाठ तं छातीत होती न व, मंग लिव्हरमंदी कायले गेली?" मी "झोप आता" म्हणाले, कारण मला उत्तर येत नव्हतं. आता माझं पोट तेच शोधण्यावर भरतं. पूर्वी गाठीचा तुकडा अख्खा वाटून तपासायचे. आता त्यातली एकेक पेशी सुटी करतात आणि ती काय करत होती ते वाचता येतं. गाठीभोवती शरीराचे राखणदार, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, जमलेले दिसतात. काही लढतात, काही थकून नुसते उभे असतात, काही तर चक्क गाठीलाच सांभाळतात. तुझ्या राखणदारांचा मला अजून राग येतो. पण तुझ्या गाठीचा तुकडा कोणी जपून ठेवला नाही, त्यामुळे त्यांनी काय केलं ते मला कधीच कळणार नाही.

त्या बाईच्या नमुन्यातल्या बहुतेक पेशी तपासण्याआधीच मेलेल्या होत्या. अशा पेशींवरून भलतंच काहीतरी निघतं. अभ्यास चालवणारे सर फोनवर म्हणाले, "तो नमुना अजून कशाला ठेवलाय?" आणि मला आपलं अंगण दिसलं. तू गंजभर पाण्यात मीठ विरघळवतेस, बटाटा तरंगण्याइतकं ते खारट झालं का बघतेस, मग धानाचं बियाणं ओततेस. पोचट वर येतं. तू ते ओंजळीने काढतेस आणि मी मूठभर पुन्हा बुडवू पाहते. "काहून व? पोचट लावून काय उगवन? जागा अडवते फक्त." पण ते तू फेकत नाहीस, कोंबड्यांपुढे टाकतेस.

मग काढलं मी तिला. बरोबरच होतं ते. तू गेल्यापासून मोहाडीजवळच्या आपल्या घरातूनच काम करते. परवा शेजारची काकू दारातून म्हणाली, "येकटीच कोनासंगं बोलून रायली व?" मी म्हटलं, "कामाचं हाय, काकू."

हे पत्र टाकायला कुठे जागा नाही, म्हणून तुला खरं सांगते. ती बाई अभ्यासात नाही, पण मी तिला पुसलेलं नाही. सकाळी लॅपटॉप उघडला की आधी तिचीच फाईल उघडते. कामासाठी नाही, माय. घरात दुसरं कोणी नाही.